छातीतला कोंड

दोष हैबतीचा. हे पहिल्या ओळीतच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी म्हणायला नको की आम्हाला वाटलं नशिबाचा असेल, आजाराचा असेल, नाहीतर पोराचाच असेल. हैबती म्हणजे साहिलचा सख्खा थोरला चुलता. मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळाचा अध्यक्ष. घरात त्याला आबा म्हणतात. तो समोर असला की वाडीत कुणी खुर्चीवर बसत नाही.

आता मी कोण ते सांगतो. मी साहिलच्या छातीचा फोटो बोलतोय. साधा एक्स-रे नव्हे, मोठा फोटो. महाडात मला सिटी स्कॅन म्हणतात. निळसर काळी फिल्म, तिच्यावर ओळीने छोटे छोटे चौकोन, आणि काकडीच्या चकत्या कराव्यात तशी प्रत्येक चौकोनात साहिलच्या छातीची एकेक चकती. बारावी अर्ध्यात सोडलेल्या आणि मोठ्यांना उलट बोलणं कधीच न सोडलेल्या पोराच्या छातीतून मी निघालोय. तेव्हा माझ्याकडून गोडगोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझ्याआधी एक थोरला होता. साधा एक्स-रे. बिरवाडीत काढलेला. त्याला साहिलच्या उजव्या छातीत एक गोल डाग दिसला होता, पण तो डाग कशाचा ते त्याला सांगता येईना. मग टीबीच्या गोळ्या झाल्या, बेडका तपासून झाला, बेडक्यात काही सापडलं नाही, आणि थोरल्याला भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवलं. तिथे पाली त्याच्यावर अंडी घालत होत्या. थोरलेपणाची माझ्या मनात तेव्हापासूनच फार किंमत नाही.

साहिल बिरवाडीला खोली घेऊन राहायचा आणि जवळच्या कारखान्यात ड्रम चढवायचं काम करायचा. गाव पोलादपूरकडच्या कापड्याच्या वर, डोंगरातली वाडी. दोन वर्षं त्याचं तोंड यायचं. असं तसं नाही, घास गिळताना डोळ्यांत पाणी. आईने, वैशालीने, फोनवर हैबतीला विचारलं. घरातली कुठलीही गोष्ट हैबतीला विचारल्याशिवाय होत नाही, बैलाच्या शिंगाला रंग कुठला द्यायचा तेसुद्धा. हैबती म्हणाला, "उष्णता हाय. सब्जा दे." सब्जा झाला, गुलकंद झाला, ताक झालं.

मग जखमा दुसरीकडे झाल्या. लघवीच्या जागी. साहिलने लाजत लाजत बापाला सांगितलं, फक्त बापाला. बाप रावजी. रावजीने संध्याकाळच्या आत ते भावाला सांगितलं. हैबतीने निकाल दिला, "बिरवाडीला खोलीवर एकटा राहतो ना? मग बरोबर हाय. कुठंतरी तोंड काळं केलं असंल. गावात बोलू नका."

त्या दिवसापासून साहिलने तोंड मिटलं. डोळे लाल झाले तेव्हा कारखान्यातली पावडर गेली म्हणाला. डावा पाय सुजला तेव्हा ड्रम उतरवताना मुरगळला म्हणाला. पायाला रावजीने तेल चोळलं. जोरात चोळलं, चुलीवर गरम करून. मला आत्ता कळतं की तो पाय चोळायचा नव्हता, त्यात रक्ताची गुठळी होती. पण विचारतो कोण? प्रत्येक दुखण्याला घरात एक उत्तर आधीच तयार होतं. सगळी दुखणी एकत्र ठेवून बघावं असं एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

शिमग्याच्या आठवड्यात साहिल खोकला आणि बेसिनमध्ये लाल पडलं. ओंजळभर. खोलीतल्या जोडीदाराने त्याला गाडीवर मागे बसवून महाडला नेलं, आणि त्या दुपारी माझा जन्म झाला.

काय जन्म होता तो. थंडगार खोली, मधे मोठं गोल भोक असलेलं यंत्र, त्यात सरकत जाणारा साहिल. हाताच्या शिरेतून औषध सोडलं, आणि ते औषध पळत सुटलं. साहिल म्हणाला, "अंग पेटल्यासारखं झालंय." काचेमागून आवाज आला, "होतं तसं. श्वास घ्या. धरा." तो एक श्वास धरला आणि तेवढ्यात मी सगळं पाहिलं. आतलं. जे त्याच्या आईने पाहिलं नाही, बापाने नाही, खुद्द साहिलने नाही, ते मी पाहिलं. औषध मिसळलेलं रक्त पांढरंशुभ्र चमकत होतं. डोंगरातून ओहोळ फुटावेत तशा फांद्या फुटत होत्या, फांदीला फांदी, बारीक, आणखी बारीक. मी छपाई यंत्रातून बाहेर आलो तेव्हा कोमट होतो आणि मला बोलायची इतकी घाई झाली होती की काय सांगू.

कारण मला तो दिसला होता. सावित्री नदीचं पात्र सरळ वाहता वाहता एखाद्या वळणावर अचानक रुंद होतं आणि खोल डोह पडतो, आमच्याकडे त्याला कोंड म्हणतात. तसा कोंड उजव्या फुप्फुसातल्या रक्तवाहिनीला पडला होता. आवळ्याएवढा. भिंत सुजलेली, जागोजागी पातळ. भोवतीच्या काळ्या फुप्फुसात धुकं पसरलेलं, म्हणजे रक्त झिरपत होतं. आणि डावीकडे आणखी एक, करवंदाएवढा.

डॉक्टर मॅडमनी मला दिव्याच्या पाटीवर लावलं. आत साहिल आणि फोन जाताच वाडीतून आलेली त्याची आई. रावजी बाहेर बाकावर, कारण त्याला दवाखान्याच्या वासाने चक्कर येते. मॅडम बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग वळल्या आणि भलतंच विचारलं.

"तुझं तोंड येतं का रे?"

साहिल म्हणाला, "तोंडाचं काय विचारता मॅडम, मला खोकल्यातनं रक्त येतंय."

"विचारते ते सांग."

"येतं. गेलेलंच नाय धड कधी."

"खाली जखमा होतात? लघवीच्या जागी?"

वैशाली भिंतीकडे बघायला लागली. साहिलचे कान लाल झाले. "होतात," तो म्हणाला.

"डोळे लाल होतात. पाय सुजला होता. हो ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

मॅडमनी माझ्यावर बोट टेकवलं. "याने."

मी पाटीवर नुसता झळकत होतो. दोन वर्षं घरातल्या एकाही माणसाला जे जुळवता आलं नाही ते मी एका श्वासात जुळवलं होतं. मॅडम सांगत होत्या की हा एकच आजार आहे, त्याला बेहचेट म्हणतात, फार लोकांना होत नाही. तो अंगातल्या रक्तवाहिन्यांना सूज आणतो, मग ती तोंडातली असो, डोळ्यातली, पायातली, नाहीतर फुप्फुसातली. हा गोल डाग टीबीचा नाही. गाठ नाही. वाहिनी फुगली आहे.

वैशालीने हळूच विचारलं, "मॅडम, हे कुणाकडून लागलंय का त्याला?"

"कुणाकडून नाही. वाईट वागून होत नाही, उष्णतेने होत नाही, आणि याच्यापासून कुणाला लागतही नाही."

साहिल खुर्चीत ताठ बसला. "हे आमच्या आबांना फोन लावून सांगाल का? स्पीकरवर टाकतो. अख्ख्या मंडळाला ऐकू जाऊ दे."

मॅडम हसल्या. लगेच गंभीर झाल्या. "ऐक. आजच्या आज मुंबई. मोठ्या हॉस्पिटलला मी बोलून ठेवते. तिथे शिरेतून जोरदार औषधं सुरू करतील. वेळेत दिली तर हे फुगे बसू शकतात. पण तोवर ओझं नाही, धावणं नाही, उडी नाही. हा फुगा फुटला तर हातात मिनिटं राहतात. ॲम्ब्युलन्स सांगू?"

"नको," वैशाली म्हणाली. "आमचे आबा मुंबईहून निघालेत शिमग्याला. त्यांची गाडी हाय. मुंबईला न्यावं लागलं तर तेच उलटे फिरून नेतील. मघाशी फोनवर बोलले तसं."

मॅडमनी पहिला डोस तिथेच दिला, मला पाकिटात घातलं, पाकिटावर आपला नंबर लिहिला. मी खूश होतो. माझं काम झालं होतं. निदान मला तसं वाटलं.

हैबतीची पांढरी गाडी आली. त्याचा मुलगा स्वराज चालवत होता, हैबती शेजारी. मागे साहिल, वैशाली, रावजी, आणि वैशालीच्या मांडीवर मी. गाडी हायवेला लागली. मुंबई एकीकडे, पोलादपूर दुसरीकडे. गाडी पोलादपूरकडे वळली.

"आबा, मुंबई तिकडं," साहिल म्हणाला.

"मला रस्ता नको शिकवूस. तुझा जन्म नव्हता तेव्हापासून या रस्त्यानं येतोय मी."

"डॉक्टर म्हणाल्या आजच्या आज."

"डॉक्टर म्हणणारच. शिमगा काय तिच्या घरचा हाय? उद्या पालखी हाय. परवा पहाटे तुला मुंबईला नेतो, आपल्या मंडळाचा माणूस हाय त्या हॉस्पिटलात. नुसतं नाव सांगितलं की बेड."

वैशाली म्हणाली, "आबा, त्याच्या छातीत फुगा झालाय. फुटला तर..."

"तू गप गो. बायकांनी बोलायचं काम नाय हे."

रावजी खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "दादा म्हणतो तर कायतरी विचार करूनच म्हणत असंल."

हे घडलं कशापायी, ते सांगतो. वाडीची पालखी सहाणेवरून, म्हणजे ती ठेवायच्या चौथऱ्यावरून, उठते तेव्हा पुढच्या दांडीला पहिला खांदा या घराचा. तो मान. एका शिमग्याला खांदा पडला नाही तर मान खालच्या भावकीकडे जातो आणि परत मागता येत नाही. हैबतीची साठी उलटलेली, रावजीचे गुडघे गेलेले. राहिले दोन, साहिल आणि स्वराज. स्वराजने गाडीतच सांगून टाकलं, "पप्पा, मला नाही जमणार हां. मला शोल्डरचा प्रॉब्लेम आहे."

"बरं," हैबती म्हणाला.

बघा. स्वराजच्या खांद्याचा फोटो कुणी मागितला नाही.

वाडीत पोचल्यावर वैशाली मात्र गप्प बसली नाही. रात्रीच्या जेवणाला चूल पेटवायला ती तयार होईना. "आधी पोराला मुंबईला न्या, मग मी पुरणपोळ्या करते," एवढंच म्हणत राहिली. घर पाहुण्यांनी भरलेलं, सगळे ऐकत होते. शेवटी हैबतीने पाकिटातून मला ओढून काढलं आणि मोबाइलची बॅटरी माझ्या मागे धरली. उलटा धरला होता मला. साहिलचं काळीज त्याच्या पोटाकडे लोंबत होतं.

"यात काय हाय? ढग हायत नुसते," तो म्हणाला. "ठीक हाय. माझं ऐकू नका, डॉक्टरणीचं पण ऐकू नका. उद्या सकाळी देवाला कौल लावू. देव म्हणंल तसं."

देवाचं नाव निघाल्यावर वैशालीने चूल पेटवली. सकाळी मला देवळात नेलं. उत्साह होता मला तेव्हाही, खोटं कशाला बोलू. देऊळ पताकांनी भरलेलं, ढोल तापवायला उन्हात ठेवलेले, पोरं रंगलेली, आणि मी थेट देवासमोर, नारळाच्या शेजारी. मला वाटलं, देवाला तरी आतलं दिसत असेल.

कौल असा असतो. पुजारी ओले तांदूळ देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना चिकटवतो. उजवीकडचा दाणा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. पुजारी चंदू. त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा, पोराच्या छातीचा फोटो तुझ्यापुढं ठेवलाय. पोरानं पालखीला खांदा द्यावा का न द्यावा, तूच सांग."

सगळे श्वास धरून बघत होते. डावा दाणा पडला.

वैशालीने हात जोडले. हैबती म्हणाला, "वारा आला. दार लावा."

दार लावलं. पुन्हा दाणे चिकटवले. पुन्हा डावा.

"चंदू, प्रश्न नीट विचार. 'न द्यावा' कशाला म्हणतोस? खांदा द्यावा का, एवढंच विचार."

चंदू पुटपुटला, "देवाला पण कटाळा येत असंल हैबती."

"तू लाव."

तिसऱ्यांदा उजवा पडला. चंदूने डावीकडचा दाणा अंगठ्याने जरा जास्तच दाबला होता, ते माझ्यासारख्याला दिसलं, पण मला कोण विचारतंय. हैबतीने वळून सगळ्यांकडे पाहिलं. "बोलला देव. झालं समाधान?"

देवाला मी दोष देत नाही. देव दोनदा सरळ बोलला होता.

साहिल घरीच होता. त्याचं ठरलं होतं, जायचं नाही. बहीण अंकिताने कापड्याच्या राजेशला फोन केला होता. राजेश जीप चालवतो. तो म्हणाला, "पालखी उठली की रस्ता मोकळा होतो, मी लगेच खाली घेऊन जातो त्याला." म्हणजे थोडा वेळ काढायचा होता फक्त. अंकिताने भावाची पिशवी भरली, चार्जर टाकला, टॉवेल टाकला. "डॉक्टरणीच्या समोर शहाण्यासारखा वाग," ती म्हणाली, "तिथं कुणाशी भांडलास तर उपाशी ठेवतील." "तू हायस ना संग, मग उपाशीच राहणार," साहिल म्हणाला. दोघं हसले. मी तेवढा हैबतीकडून घ्यायचा राहिलो होतो. त्यासाठी दोघं सहाणेवर आले.

भर दुपार, फाल्गुनातलं ऊन, माणसांची दाटी. मला तिथेच टाकून दिलं होतं आणि एका म्हाताऱ्याने उचलून माझ्याने वारा घ्यायला सुरुवात केली होती. मी वर जायचो, खाली यायचो, माझ्या अंगावरचं सगळं फुप्फुस फडफडायचं. ढोल सुरू झाला. सनई चढली. खरं सांगतो, माझ्याही अंगातून काहीतरी सरसरून गेलं. पांढरे सदरे, गुलाबी फेटे, गुलालाचे लोट, आणि चौथऱ्यावर पालखी, चांदीचे मुखवटे उन्हात चमकताहेत.

"फोटो द्या आबा," साहिल म्हणाला. "मी जातोय."

हैबतीने ढोल थांबवायला हात वर केला. ढोल थांबला, सनई थांबली. मग तो मुद्दाम मोठ्याने बोलला.

"कसला फोटो घेऊन चाललाय बघा. बिरवाडीला खोलीवर काय धंदे केलेत ते बाहेर पडायला नको, म्हणून छातीचं निमित्त. विचारा त्याला, जखमा कुठं झाल्यात."

माणसं साहिलकडे बघायला लागली. काही पोरं हसली. वैशालीने पदर तोंडाला लावला. रावजी खाली मान घालून आपल्या चपलेचा अंगठा नीट करत होता. त्याने एक शब्द बोलायचा होता तिथे. एक.

साहिलने पिशवी अंकिताच्या हातात दिली, चौथऱ्यावर चढला आणि पुढच्या दांडीखाली खांदा घातला. त्याला कळत होतं. डॉक्टरांचं त्याने ऐकलं होतं, मला पाहिलं होतं. पण जे बोल त्याच्या अंगावर टाकले होते ते घेऊन त्याला त्या गर्दीतून खाली उतरता येईना.

पालखी उठली.

नाचली पण कशी. साहिलच्या खांद्याला ती पिसासारखी झाली होती. पुढे, मागे, गुडघ्यात वाकून जमिनीला टेकते न टेकते तोच वर. ढोलवाले बेभान. वर्षभर मुंबईत राहिलेली माणसं रडत होती, नाचत होती. हैबती मंडळींना सांगत होता, "बघा, काय झालंय त्याला? काय झालंय?" स्वराज व्हिडिओ काढत होता. मी म्हाताऱ्याच्या हातात वर-खाली होत होतो आणि मला एकच चौकोन आठवत होता, आवळ्याएवढा फुगा असलेला.

साहिल खोकला. ढोलात ऐकू आलं नाही. सदऱ्यावर लाल उमटलं. त्या दिवशी तिथे प्रत्येकाच्या सदऱ्यावर लाल होतं. कुणी पाहिलंच नाही. उलट एकाने त्याच्यावर आणखी मूठभर गुलाल टाकला.

पाहिलं अंकिताने. गुलाल कोरडा असतो, अंगाला चिकटून खाली ओघळत नाही. ती चौथऱ्यावर चढली आणि किंचाळली, "पालखी धरा कुणीतरी. धरा, धरा."

खालच्या भावकीचा सुनील जवळ होता. त्याने पटकन खांदा लावला. पालखी हललीसुद्धा नाही. ज्याच्यासाठी गाडी पोलादपूरला वळवली होती तो मान एका श्वासात दुसऱ्याच्या खांद्यावर गेला, आणि देव जसा होता तसाच बसून राहिला.

साहिल आडवा झाला. अंकिता म्हाताऱ्याकडे आली. "आजोबा, तो पंखा नाय. द्या इकडं." मला हिसकावून तिने पाकिटात कोंबलं, पाकिटावरचा नंबर लावला. मॅडमचा आवाज फोनमधून फुटत होता, "कुठल्या बाजूला मोठा आहे? उजव्या ना? उजव्या कुशीवर झोपव त्याला. उताणा नको. दुसरं फुप्फुस भरायला नको रक्ताने. निघा तुम्ही, मी तयारी करते."

राजेशच्या तोंडावरचा रंग पुसायला वेळ नव्हता. जीपच्या मागच्या बाकावर साहिल उजव्या कुशीवर, डोकं आईच्या मांडीवर. वाडीचा उतार, कापडे, पोलादपूर. राजेश वाटेत भेटेल त्याला हॉर्न देत होता आणि शिव्या देत होता. प्रत्येक गावात रंगलेली पोरं रस्ता अडवायला यायची, गाडीत डोकावायची, आणि आपोआप बाजूला व्हायची. साहिल मधेच म्हणाला, "अंके, चार्जर घेतलास?" ती म्हणाली, "घेतलाय रे. गप पड." महाडला मॅडम दारात उभ्या होत्या. ऑक्सिजन, सलाइन, नळी, आणि तिथून ॲम्ब्युलन्स मुंबईला. या खेपेला गाडी बरोबर बाजूला वळली.

मुंबईत मला ज्या हातांनी उचललं ते हात मी विसरणार नाही. पाकिटातून काढलं, दिव्यावर लावलं, आणि चार डॉक्टर एकदम माझ्यावर वाकले. बोटं भराभर फिरली. "हा. इथे. उजवी खालची वाहिनी. डावीकडे छोटा आहे, त्याला हात लावू नका." मला उलटं धरलं नाही. माझ्याने वारा घेतला नाही. शोधण्यात एक क्षण गेला नाही, कारण मी आदल्या दिवशीच सगळं सांगून ठेवलं होतं. आयुष्यात एवढा आनंद मला पुन्हा होणार नाही, आणि त्या आनंदाची मला लाजही वाटते, कारण साहिल तेव्हा पांढरा पडला होता.

त्यांनी मांडीतून तार घालून वाहिनी आतून बुजवायचा प्रयत्न केला. फुगा फाटलेला होता. मग छाती उघडली.

हैबती दुसऱ्या दिवशी आला, मंडळाच्या दोन माणसांना घेऊन. नाव सांगितलं की बेड देणारा तो माणूस काही कुणाला सापडला नाही. बाहेरच्या बाकावर बसून हैबती त्या दोघांना सांगत होता, "मी तर आधीपासून म्हणत होतो, लगेच मुंबईला हलवा. देवाची कृपा, वाचला."

रावजी समोर उभा होता. तो म्हणाला, "दादा, गाडी तू पोलादपूरला वळवलीस."

हैबतीने मान वर केली. "काय म्हणालास?"

"काय नाय. गाडी तू वळवलीस, एवढंच."

एवढंच बोलला तो. त्याच्या आयुष्यातलं हे पहिलं खरं वाक्य असेल, पण महाडच्या हायवेवर बोलला असता तर कामाला आलं असतं. शाबासकी देणार नाही मी त्याला.

आता मी बिरवाडीच्या खोलीत आहे, कपाटावर, माझ्या पाकिटात. अंकिताने तिथल्या एका दवाखान्यात काम धरलंय आणि भावंडं एकत्र राहतात. कोपऱ्यांना मला सुरकुत्या पडल्यात आणि एका चौकोनावर गुलालाचा डाग आहे, तो पुसला जात नाही. माझ्या शेजारी माझा धाकटा येऊन पडलाय, सहा महिन्यांनी काढलेला नवा फोटो. गप्प असतो, पण त्याने एक गोष्ट दाखवली ती मला रोज खाते. त्याच्यात डावीकडचा करवंदाएवढा फुगा नाही. औषधाने बसला. वाहिनी पुन्हा सरळ वाहतेय, जणू तिथे कधी काही नव्हतंच. म्हणजे मॅडम खरं बोलल्या होत्या. म्हणजे उजवीकडचाही बसू शकला असता. त्याला औषध मिळायला हवं होतं, आणि त्या दुपारी पालखी नको होती.

एक सांगतो आणि थांबतो. तुमच्या घरात कपाटावर, गादीखाली, कॅलेंडरमागे माझ्यासारखा कुणी पडला असेल तर त्याने ग्रहण बघू नका, त्याने वारा घेऊ नका, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाच्या हातात तर मुळीच देऊ नका. ज्याला वाचता येतं त्याच्याकडे न्या. पोराला जखम कुठे झाली हे विचारताना आवाज खाली ठेवा. आणि उत्तर ऐकल्यावर ते पोटात ठेवा.

हैबती अजून मंडळाचा अध्यक्ष आहे.

साहिलच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढून टाकलाय. ड्रम चढवायचं काम गेलं. कापड्यापासून वाडीपर्यंतची चढण त्याला आता चढता येत नाही, म्हणून तो घरी जात नाही, असं तो सांगतो. राजेशची जीप वाडीपर्यंत जाते.